परका कोण? समदृष्टी आणि दारातला बेडूक



आज चिंतनाला गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक घेतलाय. तुमच्यापैकी बहुतेकांना तो पाठ असेल, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. विद्वान आणि नम्र ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला सगळ्यात खाली ढकललं तो माणूस, अशी पाच नावं भगवंत घेतात आणि सांगतात, की ज्ञानी माणूस या सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहतो.

यादीत कुत्रा आहे, बेडूक नाही. नेमका त्यामुळेच आजचा प्रश्न अडचणीचा झालाय. कुत्रा आपल्या घरातला, बेडूक दारातला, आणि त्या बेडकामुळे कुत्र्याला त्रास होऊ शकतो. अशा वेळी सारखी नजर ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं? आणि तो बेडूक त्या जागेचा नसेलच, माणसानेच कुठून तरी आणून सोडलेला असेल आणि तिथल्या मूळच्या जिवांवर उठला असेल, तर भक्ताने त्याला मारावं का?

हा प्रश्न माझ्याकडे एकाच पावसाळ्यात दोन ठिकाणांहून आला. पहिला भंडाऱ्याहून, आमच्याच घरून. दादाच्या शेरूने छपरीतला एक खडबडीत अंगाचा बेडूक तोंडात धरला आणि मग बराच वेळ त्याच्या तोंडातून लाळ आणि फेस येत होता. शेरू बरा आहे. पण त्याच आठवड्यात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला: ऑस्ट्रेलियातला विषारी टोड आता भारतात शिरलाय, दिसला की मीठ टाका, मारा. लोक खरंच मिठाचे पुडे घेऊन बाहेर पडले. दादाने मला फोन केला. "तू रोज अहिंसेवर लिहितोस ना, मग सांग, माझ्या कुत्र्याला मरू देऊ का?"

दुसरा फोन ब्रिस्बेनहून, कॉलेजच्या मित्राचा. तो माळकरी आहे, त्याच्याकडेही कुत्रा आहे. तो म्हणाला, "इथे शेजारचे लोक रात्री बॅटरी घेऊन केन टोड मारायला निघतात. सगळे म्हणतात की हे चांगलं काम आहे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी काय करू?"

प्रश्न एकच वाटतो, पण दोघांना एकच उत्तर देता येत नाही. का, ते आज पाहू.

आधी ओळख, मग निवाडा

दादाच्या प्रश्नाला सगळ्यात नेमकं उत्तर आमच्या आईने दिलं. ग्रुपवरचा व्हिडिओ बघून ती म्हणाली, "मी लग्न करून आली तेव्हापासून हा इथंच हाय बाबू. आता विदेशी कसा झाला?"

आईचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आपल्याकडे घराच्या आसपास, मोरीपाशी, कुंडीखाली, दिव्याखाली दिसणारा तो चामखिळीसारखे फोड असलेला, डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असलेला बेडूक म्हणजे साधा आशियाई भेक, ज्याला इंग्रजीत टोड म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. नाव ऐकून मला आधी दत्तगुरूच आठवले. पण ते नाव सुशीलकुमार दत्ता या भारतीय बेडूकशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. (आणि हो, अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये मासा आहे, अजगर आहे, कोळी आहे, पण बेडूक नाही. मी मोजून पाहिलं.)

हा बेडूक भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत मुळातच राहतो. भंडारा म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. बांध्यांमध्ये पाणी साचलं की त्याचे दिवस सुरू होतात. वाळवी, मुंग्या, झुरळं, भुंगेरे हे त्याचं जेवण. आपल्या दारात तो आपल्यासाठी येत नाही. दारातल्या दिव्यावर किडे येतात आणि किड्यांसाठी तो येतो. डोळ्यांमागच्या ग्रंथींमध्ये विष आहे हे खरं, पण ते त्याच्या बचावाचं साधन आहे. तो कोणावर विष फेकत नाही, कोणाला चावत नाही. कोणी त्याला जबड्यात दाबलं तर ते विष बाहेर येतं.

बेडकाची कातडी आपल्यासारखी नसते. तो कातडीतूनच पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. त्याच्या अंगावर मीठ टाकणं म्हणजे उघड्या जखमेवर मीठ चोळण्यासारखंच आहे. व्हिडिओत जे "सोपा उपाय" म्हणून सांगितलं जातंय, ते प्रत्यक्षात हाल करून मारणं आहे. आणि तेही कोणाला? जो इथलाच आहे आणि आपल्या घरातली झुरळं खातोय, त्याला.

म्हणून माझ्या मते समदृष्टीची पहिली पायरी भावनेची नसून ओळखीची आहे. श्लोकात ज्ञानी माणूस पाहतो असं म्हटलंय, आणि पाहण्यासाठी आधी समोर कोण आहे हे कळावं लागतं. आमच्या कामात बग रिपोर्ट आला की पहिला प्रश्न असतो: हे नक्की कुठे घडतंय? लॉग न वाचता कोड डिलीट करत सुटलेला माणूस टीमला महागात पडतो. इथे तर कोडच्या जागी जीव आहे.

बेडकांवर रागावलेला राजा

या विषयावर महाभारतात एक सुंदर गोष्ट आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ती माहीत असते. वनपर्वात मार्कंडेय ऋषी पांडवांना ती सांगतात.

इक्ष्वाकू कुळात परीक्षित नावाचा राजा होता. (अभिमन्यूचा मुलगा तो वेगळा.) शिकारीला गेला असता त्याला रानात एक सुंदर मुलगी भेटली. तिने लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर: मला कधी पाणी दाखवायचं नाही. काही दिवस सुखात गेले. मग एकदा ती एका विहिरीत उतरली आणि दिसेनाशी झाली. राजाने सगळं पाणी उपसायला लावलं. तळाशी बिळाच्या तोंडावर एक बेडूक बसलेला दिसला. राजाने ठरवून टाकलं की बेडकांनीच माझी राणी खाल्ली. आणि हुकूम सोडला: राज्यातले सगळे बेडूक मारा. माझ्याकडे काही मागायला येणाऱ्याने मेलेले बेडूक घेऊनच यावं.

कत्तल सुरू झाली. घाबरलेले बेडूक आपल्या राजाकडे, आयूकडे गेले. आयू तपस्व्याचा वेश घेऊन परीक्षिताकडे आला आणि म्हणाला, राग आवर, निरपराध जिवांना मारू नकोस. राजा ऐकेना. यांनी माझी प्रिया खाल्ली, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तेव्हा आयूने खरं काय ते सांगितलं: मी बेडकांचा राजा आहे, ती माझी मुलगी सुशोभना, आणि असं फसवणं ही तिची जुनी खोड आहे. मग त्याने मुलगी राजाच्या स्वाधीन केली.

या गोष्टीत मला दोन जागा महत्त्वाच्या वाटतात.

पहिली जागा म्हणजे राजाचं दुःख खरं होतं. माणूस हरवल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. शेरूच्या तोंडाला फेस आला तेव्हा दादाला आलेला रागही खराच होता. शास्त्र त्या दुःखाला खोटं म्हणत नाही. पण खऱ्या दुःखाने राजाला चौकशीशिवाय शिक्षा करायचा अधिकार मिळाला नाही. बिळाच्या तोंडावर एक बेडूक दिसला, म्हणून जगातले सगळे बेडूक गुन्हेगार ठरले.

दुसरी जागा अशी, की आयू रागाला रागाने उत्तर देत नाही. तो माहिती देतो. कत्तल थांबायला माहितीच उपयोगी पडली. राणी कोण आहे हे कळलं, तेव्हा राजाला मारायचं कारणच उरलं नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. भंडाऱ्यात या बेडकाला मारायचं कारणच नाही. कुत्र्याला मरू द्यायचं का बेडकाला मारायचं, ही निवडच खोटी आहे. दोघंही जगू शकतात. तुमच्याकडे कुत्रा-मांजर असेल तर एवढं करा:

१. पावसाळ्यात रात्री बाहेरचा दिवा गरज नसेल तेव्हा बंद ठेवा. किडे कमी, तर बेडूकही कमी.

२. कुत्र्याच्या पाण्याचं आणि खाण्याचं भांडं रात्री बाहेर ठेवू नका.

३. बेडूक आत आला तर सुपलीत किंवा ओल्या फडक्यात घेऊन बागेत सोडा. नंतर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

४. कुत्र्याने तोंडात धरलाच, तर ओल्या फडक्याने त्याची जीभ आणि हिरड्या पुन्हा पुन्हा पुसा. पाणी सोडायचं तर बाजूने, तोंड खाली धरून, म्हणजे ते घशात जाणार नाही. आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. पिल्लू असेल, उलट्या होत असतील, झटके येत असतील किंवा तोल जात असेल तर वाट न पाहता थेट घेऊन जा.

आणि तो खरंच परका असेल तेव्हा?

आता मित्राचा प्रश्न. तो जास्त कठीण आहे, कारण ऑस्ट्रेलियात केन टोड खरोखरच बाहेरचा आहे.

तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. १९३५ साली क्वीन्सलँडमधल्या ऊस संशोधन संस्थेने हवाईहून सुमारे शंभर टोड आणले. उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्यांची अळी शेतकऱ्यांना हैराण करत होती, आणि टोड ते भुंगेरे खाईल अशी आशा होती. गॉर्डनव्हेल इथे त्यांची पैदास करून काही महिन्यांतच हजारोंनी सोडले. उपाय फसला. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, टोड जमिनीवर. तो उसावर चढेना. पण बाकीचं सगळं तो खात सुटला आणि पसरत गेला. २००१च्या सुमाराला तो काकाडूच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, २००९मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात. एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते. ऑस्ट्रेलियात मूळचा एकही टोड नव्हता. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना या विषाची सवयच नव्हती. टोड खाऊन क्वोल नावाचे मांजराएवढे शिकारी प्राणी कित्येक ठिकाणी जवळपास नाहीसे झाले. मगरी, घोरपडीच्या जातीचे मोठे सरडे मेले. पाळीव कुत्रेही मरतात.

आता एक गंमत पाहा. आपल्या दारातला जो साधा बेडूक, आईच्या ओळखीचा, त्याच जातीचा बेडूक २०१४ साली मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ सापडला. बहुधा आग्नेय आशियातून जहाजाच्या कंटेनरमधून गेला असावा. मादागास्करमध्येही मूळचे टोड नाहीत. तिथल्या बहुतेक शिकारी प्राण्यांना हे विष पचत नाही, असं अभ्यासातून दिसलंय. म्हणजे भंडाऱ्यात जो झुरळं खाणारा शेजारी, तोच मादागास्करमध्ये घुसखोर.

आणखी जवळचं उदाहरण अंदमानचं. आपल्या धानाच्या बांध्यांत पावसाळ्यात पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. शेतात त्याचं इतकं मोल, की त्याच्या तंगड्यांची परदेशी निर्यात १९८७ साली भारताने बंद केली. हाच बेडूक अंदमानात गेला, बहुधा मत्स्यबीजात मिसळून, आणि तिथे भराभर पसरला. नित्यप्रकाश मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्याची पिल्लं तिथल्या मूळ बेडकांची पिल्लं खाऊन टाकतात. देश तोच, बेडूक तोच, पण समुद्र ओलांडल्यावर त्याच्या असण्याचा अर्थ बदलला. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली आक्रमक परक्या प्रजातींसाठी तरतूद आली, पण तिची व्याख्या "भारतात मूळची नसलेली" अशी आहे. अंदमानातला हा बेडूक त्या व्याख्येत बसत नाही. कायदा देशाची सीमा बघतो आणि निसर्गाच्या सीमा वेगळ्या असतात.

यावरून मला एक गोष्ट लख्ख दिसते. परकेपणा बेडकाच्या अंगात नसतो. तो जातीत नाही, रंगात नाही, विषातही नाही. विष तर दोन्हीकडे तेच आहे. एकच प्रोग्राम एका सर्व्हरवर गुमान चालतो आणि दुसऱ्यावर टाकला की सगळं बंद पाडतो, तेव्हा आपण प्रोग्रामला पापी म्हणत नाही. तो तिथे कोणी आणि का टाकला, हे विचारतो. १९३५ साली बेडकांनी हवाईत बसून काही ठरवलं नव्हतं. पेटीत भरून त्यांना माणसाने नेलं. कर्म माणसाचं आहे, त्याचं फळ क्वोल भोगतोय आणि शिव्या टोड खातोय.

गीता स्वधर्माबद्दल जे सांगते, ते मी या प्रकाशात वाचतो. प्रत्येक जिवाचा धर्म त्याच्या जागेशी, नात्यांशी बांधलेला असतो. बेडकाने किडे खावे, सापाने बेडूक खावा, मोराने साप खावा. या साखळीत प्रत्येकाला त्याचा लगामही असतो. त्या जागेवरून एखाद्याला उचलून दुसरीकडे टाकलं की त्याचा लगाम मागे राहतो आणि भूक तेवढी बरोबर जाते.

मग मारायचं का?

इथे अहिंसेचा सोपा अर्थ घेऊन मोकळं होता येतं: कोणालाच मारायचं नाही, बस्स. पण मग क्वोलचं काय? त्याला आपण हाताने मारत नाही, पण आपणच आणून सोडलेल्या जिवामुळे तो मरत असताना बघत बसणं, हेही एक कर्मच आहे. "मी काही केलं नाही" असं म्हणून हात झटकायची मुभा गीता अर्जुनाला देत नाही.

हे समजायला ब्रिस्बेनला जायची गरज नाही. आपल्या भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. काही शतकांपूर्वी कोहळी समाजाने ते बांधले, त्यावर धान पिकलं. त्या तलावांमध्ये आता बेशरम माजलीय. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर जांभळट, पण तोडून टाकलेला दांडाही पुन्हा मूळ धरतो, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिलं. तिने तलावाचं पाणी आणि जागा व्यापली, मूळच्या पाणवनस्पती गेल्या, त्यांच्या आधाराने राहणारे देशी मासे आणि पक्षी कमी झाले. ढीवर समाजाचं पोट त्या माशांवर. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांच्या साथीने ढीवर लोकांनी काही तलावांतली बेशरम मुळापासून उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या.

चिखलात उतरून बेशरम उपटणाऱ्या माणसाला झाडाचा द्वेष नसतो, तलावाचं प्रेम असतं. तो उपटून थांबत नाही, तिथे जे गेलं ते पुन्हा लावतो. माझ्या मते कसोटी हीच आहे. आपल्या कृतीने काही पुन्हा उभं राहतंय, की फक्त काहीतरी मारल्याचं समाधान मिळतंय?

तुम्ही म्हणाल, झाड वेगळं आणि प्राणी वेगळा. बरोबर. बेडकाला वेदना होते, आणि म्हणून तिथे जबाबदारी जास्त आहे. याच वनपर्वात, मार्कंडेयांच्याच तोंडून, धर्मव्याधाची कथा येते. मिथिलेतला तो मांस विकणारा, एका तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो सांगतो की नांगर चालला तरी जीव मरतात, जमिनीवर पाऊल ठेवलं तरी मरतात. पूर्ण अहिंसक असा कोणी नाही, पण प्रयत्न केला तर हिंसा कमी करता येते. मला हे फार प्रामाणिक वाटतं. इथे "माझे हात स्वच्छ आहेत" असा अहंकार नाही, आणि "सगळेच मारतात तर मीही मारतो" असा बेफिकीरपणाही नाही.

म्हणून मित्राला मी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, ओळख. टोड समजून लोक तिथल्या मूळच्या बेडकांनाही मारतात. खात्री नसेल तर हात लावू नकोस. हे अंधारातलं परीक्षित राजाचं काम आहे.

दुसरी, मारण्याआधीचे उपाय. कुत्र्याला रात्री आत ठेव, कुंपणाला खाली बारीक जाळी लाव. तळ्यात टोडच्या अंड्यांच्या लांबच लांब माळा दिसतात, त्या ओळखून काढता येतात. टोडच्याच विषाचं आमिष लावून त्याची पिल्लं पकडायचे सापळे तिथल्या संशोधकांनी शोधलेत. मोठे झालेले टोड काठीने मारण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आणि कमी क्रूर आहे.

तिसरी, मारावंच लागलं तर हाल नकोत. गोल्फची काठी घेऊन खेळ म्हणून टोड मारणारे लोकही तिथे आहेत. ते निसर्गरक्षण नाही, ती आपल्या मनातल्या क्रौर्याला मिळालेली सुट्टी आहे. रिक शाईन यांच्या गटाने २०१५मध्ये टोडच्या मेंदूतल्या हालचाली मोजून असं मांडलं की आधी फ्रिजमध्ये गार करून मग फ्रीझरमध्ये ठेवलं तर तो वेदनेशिवाय जातो. त्यावर प्राणिप्रेमींमध्ये अजून वाद आहे. पण "याला कमीत कमी त्रास कसा होईल" या प्रश्नावर कोणीतरी इतके कष्ट घेतले, हेच मला समदृष्टीच्या जवळचं वाटतं. ज्याला संपवायचंय त्याच्याही वेदनेचा विचार.

चौथी, तुझी माळ. ती हातून काही घडणारच नाही याची हमी नव्हे. ती आठवण आहे, की जे घडेल ते द्वेषाने घडू नये. मारणं तुझ्या मनाला जमत नसेल तर अंडी काढ, जाळी लाव, मूळच्या बेडकांसाठी बागेत जागा कर. तेही तेवढंच खरं काम आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे उत्तर सोपं नाही." मी म्हटलं, "नाही. पण आता ते तुझं आहे, व्हॉट्सॲपचं नाही."

एक सावधगिरी

परका, घुसखोर, आक्रमक हे शब्द बेडकांसाठी वापरताना मला एक भीती वाटते. हे शब्द लवकरच माणसांकडे वळतात. तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारखेच गाव सोडून पुण्यात, बंगळूरात, हैदराबादेत राहतात. "बाहेरचे आले आणि शहराची वाट लागली" हे आपण ऐकलंही असेल, कधी कधी पुढे ढकललंही जात असेल.

तिथे हा दाखला लागू होत नाही. मादागास्करच्या सापाला नव्या विषाची सवय करून घ्यायला कित्येक पिढ्या लागतील. माणूस एका पिढीत भाषा शिकतो, सणात सामील होतो, शेजारधर्म पाळतो. बेडूक आपला स्वभाव बदलू शकत नाही, माणसाला तो बदलायचा विवेक मिळालाय. आणि आपण सगळे एकाच जातीचे आहोत. श्लोकातलं पाचवं नाव आठवा. ज्याला लोकांनी गावाबाहेर ठेवलं, त्यालाच भगवंतांनी मुद्दाम यादीत आणून बसवलंय. निसर्गाचं शास्त्र उसनं घेऊन कोणी माणसाला परका ठरवत असेल, तर तो या श्लोकाच्या विरुद्ध उभा आहे.

सारखी नजर, वेगळी वागणूक

शेवटी श्लोकाकडे येऊ. भगवंत सारखं पाहायला सांगतात. सगळ्यांशी सारखंच वागा, असं तिथे म्हटलेलं नाही. गाईला चारा घालतात, हत्तीला कोणी पाटावर बसवून वरण-भात वाढत नाही. प्रत्येकाशी त्याच्या गरजेप्रमाणे आणि त्याच्या जागेप्रमाणे वागायचं. नजर मात्र एक ठेवायची: याच्या आतही तोच आहे.

म्हणून भंडाऱ्यातल्या बेडकाला सुपलीत घेऊन बागेत सोडायचं. ब्रिस्बेनच्या टोडची अंडी तळ्यातून काढायची. तलावातली बेशरम उपटायची. तिन्ही कृती वेगवेगळ्या, पण तिघांकडे बघणारे डोळे एकच असू शकतात.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३वं सूक्त चक्क बेडकांचं आहे. वसिष्ठ ऋषींच्या नावावर ते आहे. वर्षभर गप्प राहिलेले बेडूक पहिल्या पावसाने बोलू लागतात, आणि ऋषींना ते यज्ञात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांसारखे वाटतात, एकमेकांमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांसारखे वाटतात. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी डबक्याकाठी थांबून ऐकलं आणि त्याला त्यात वेद ऐकू आला. आपण त्याच आवाजाला मिठाचा पुडा घेऊन निघालो, तर हरवलं कोणाचं?

आजचा संकल्प

आज रात्री नामस्मरणाला बसण्याआधी एक काम करा. घराच्या आसपास ज्या जिवाची तुम्हाला किळस वाटते, भीती वाटते, असा एक जीव आठवा. पाल, झुरळ, बेडूक, वटवाघूळ, काहीही. तो कोण आहे, इथलाच आहे का, काय खातो, तुमच्या दारात का येतो, एवढं शोधा. पाच मिनिटं लागतील. मग त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवा.

ही पाच मिनिटंही साधनाच आहे.

राम कृष्ण हरी!